आवाजाला तोंड असतं : नोत्र दाममधली एक मैफल पुन्हा बसवताना

पॅरिसच्या नोत्र दाम कॅथेड्रलची ८५० वर्षं साजरी होत होती तेव्हाची गोष्ट. एप्रिल २०१३ मध्ये तिथे ज्यूल मासने यांची ‘ला व्हिएर्ज’ ही १८८० सालची रचना सादर झाली. एकल गायक, समूहगायक, पूर्ण वाद्यवृंद असा मोठा जामानिमा होता. पॅरिसच्या काँझर्व्हात्वारने, म्हणजे तिथल्या राष्ट्रीय संगीत महाविद्यालयाने, या मैफलीचं ध्वनिमुद्रण केलं. माइक लावले ते वाद्यांच्या आणि गायकांच्या अगदी जवळ. सगळे मिळून साधारण ४५ ट्रॅक हाती आले.

असा जवळच्या माइकचा ट्रॅक एकटा ऐकला तर त्यात नोत्र दाम जवळजवळ नसतंच. दगड नाही, उंची नाही, लांबी नाही. तारेवर घासणारा गज तेवढा कानाशी येतो. पुढच्या दोन-तीन वर्षांत फ्रान्सच्या सीएनआरएस या संशोधन संस्थेच्या लिम्सी प्रयोगशाळेतल्या ब्रायन कॅट्झ, बार्टेल्ड पोस्टमा आणि सहकाऱ्यांनी हे ४५ ट्रॅक घेतले आणि संगणकात उभ्या केलेल्या कॅथेड्रलमध्ये ती मैफल पुन्हा बसवली. ऐकणाऱ्याने हेडफोन लावायचा, ३६० अंशांचं चित्र बघायचं आणि वाद्यवृंदामधून, वरून, तरंगत फिरायचं. प्रकल्पाचं नाव घोस्ट ऑर्केस्ट्रा.

या कामाकडे बघताना बहुतेकांचं लक्ष चित्राकडे आणि त्या तरंगण्याकडे जातं. मी ध्वनिमुद्रणाची कामं करतो, आणि माझं लक्ष एका वेगळ्या निर्णयावर अडकलं. त्यांनी प्रत्येक ट्रॅकला त्या-त्या वाद्याचं तोंड दिलं. आवाज कोणत्या जागेवरून येतो एवढंच सांगून ते थांबले नाहीत; तो कुठल्या दिशेला किती जातो, हेही सांगितलं. हे पूर्ण प्रकरण त्या एका निर्णयाच्या अंगाने मांडतो.

वरून घुमारा ओतून का भागत नाही

नेहमीची रीत अशी. आधी जागेचा इम्पल्स रिस्पॉन्स घ्यायचा. म्हणजे तिथे एक टाळी वाजली तर तिच्यामागून काय काय, किती वेळाने, कोणत्या बाजूने परत येतं याची नोंद. मग कोरडा, म्हणजे घुमारा नसलेला, ट्रॅक त्या नोंदीशी कन्व्होल्व्ह करायचा : ट्रॅकमधला प्रत्येक क्षण म्हणजे एक बारीकशी टाळी असं धरायचं, प्रत्येकीच्या मागे तिचा घुमारा जोडायचा आणि सगळ्यांची बेरीज करायची. आज साध्या लॅपटॉपवर हे होतं.

मेख त्या टाळीत आहे. सभागृहाच्या मोजमापासाठी वापरतात तो स्पीकर बारा तोंडांचा असतो, आणि तो सगळ्या दिशांना शक्य तितका सारखा आवाज फेकेल अशीच त्याची घडण असते. मोजमापासाठी हे योग्यच आहे, कारण तिथे फक्त जागा तपासायची असते. पण व्हायोलिन, ट्रम्पेट, माणसाचा गळा यांतलं कुणीही असा चौफेर आवाज टाकत नाही.

कारण सरळ आहे. १०० हर्ट्झच्या खर्जाची तरंगलांबी सुमारे ३.४ मीटर. तिच्यापुढे माणसाचं डोकं म्हणजे ओढ्यातला खडा. लाट त्याला वळसा घालून मागे पोचते. ४,००० हर्ट्झची तरंगलांबी साडेआठ सेंटिमीटरच्या आसपास. तिला डोकं आणि खांदे भिंतीसारखे आडवे येतात. म्हणून गाणाऱ्याच्या मागे उभं राहिलं की खर्ज जवळजवळ तेवढाच राहतो, पण स, श, च यांची धार निघून जाते. आवाज लहान होतो त्याहून जास्त तो बदलतो. ट्रम्पेटचं तेच, अधिक टोकाला जाऊन : वरचे स्वनांश, म्हणजे मूळ स्वरासोबत निघणारे उंच सूर, कर्ण्याच्या अक्षावर एखाद्या झोतासारखे पुढे जातात, बाजूला फार कमी पसरतात.

व्हायोलिन त्याहून अवघड. खालच्या पट्टीत ते बऱ्यापैकी चौफेर असतं. वर गेलं की त्याच्या लाकडी अंगाचे वेगवेगळे भाग वेगवेगळे थरथरतात आणि आवाजाच्या पाकळ्या फुटतात. त्या पाकळ्यांची दिशा एका स्वरावरून शेजारच्या स्वरावर जाताना बदलते. गेब्रिएल वाइनराइख या भौतिकशास्त्रज्ञाने १९९७ मध्ये या गुणाला दिशेनुसार बदलणारा नादरंग अशा अर्थाचं नाव दिलं होतं. व्हायोलिन एका साध्या स्पीकरमधून वाजवलं की त्यातलं काहीतरी मेल्यासारखं का वाटतं, याचं मला पटलेलं उत्तर हेच आहे.

फ्रेंच हॉर्नची तऱ्हाच निराळी. त्याचा कर्णा वाजवणाऱ्याच्या मागे तोंड करून असतो, वर त्यात उजवा हात घातलेला. समोर बसलेल्या श्रोत्याकडे हॉर्नचा वरचा पट्टा, म्हणजे उंच कंपनांचा भाग, थेट जवळजवळ येतच नाही. तो मागच्या भिंतीला लागून, वळून येतो. हॉर्नच्या आवाजाला जो लांबून आल्याचा गुण आहे, त्यातला मोठा वाटा या पाठमोरेपणाचा.

आता वाद्यवृंद नोत्र दामच्या क्रॉसिंगपाशी, म्हणजे आडवा आणि उभा भाग जिथे छेदतात तिथे बसला आहे असं समजा. व्हायोलिनचा आवाज वरच्या कमानींकडे आणि श्रोत्यांकडे जातो. ट्रम्पेटचा झोत लांबलचक नेव्हमध्ये, म्हणजे श्रोते बसतात त्या मुख्य दालनात, घुसतो. हॉर्नचा आवाज उलट्या बाजूला, वेदीच्या दिशेने जातो आणि तिथल्या दगडांना भेटून मग श्रोत्यांकडे येतो. इमारत तीच, पण प्रत्येक वाद्य तिचा वेगळा कोपरा जागा करतं. सगळ्यांना चौफेर धरलं की ४५ ट्रॅकची ही ४५ नाती पुसली जातात आणि सगळे एकाच घुमाऱ्यात बुडतात.

कीर्तनाच्या ट्रॅकवर झालेली माझी चूक

ही चूक मी स्वतः केली आहे, म्हणून तिच्याबद्दल थोडं सविस्तर लिहितो. काही वर्षांपूर्वी एका दगडी सभामंडपात कीर्तनाचं ध्वनिमुद्रण केलं. बुवांच्या तोंडाशी माइक, पखवाजाला दोन, टाळकऱ्यांना वेगळे, आणि मंडपाच्या दुसऱ्या टोकाला एक लांबचा माइक. त्या लांबच्या माइकवर गर्दीची कुजबुज फार आली, तो वापरता येईना. मग दुसऱ्या दिवशी रिकाम्या मंडपात फुगे फोडून इम्पल्स रिस्पॉन्स घेतला आणि घरी येऊन बुवांच्या कोरड्या ट्रॅकवर बसवला.

जागा बरोबर होती. नोंद त्याच मंडपाची होती. तरी ऐकताना कान टोचत होते. ‘विठ्ठल’ ठीक वाटायचं, पण ‘श्री’ आणि ‘संत’ म्हटलं की श आणि स पूर्ण मंडपभर फिसफिसत राहायचे. लांबच्या माइकच्या निरुपयोगी ट्रॅकमध्ये मात्र असलं काही नव्हतं. तिथला घुमारा ऊबदार आणि थोडा काळसर होता. मी दोन दिवस इक्वलायझर, म्हणजे आवाजाचे पट्टे कमी-जास्त करायची बटणं, फिरवत बसलो.

कारण कळलं ते नंतर. माइक बुवांच्या समोर होता. समोर, म्हणजे जिथे वरचा पट्टा सर्वांत जास्त असतो त्या जागी. त्या ट्रॅकमधला श हा फक्त समोरचा श होता. मंडप मात्र समोरच्या आवाजाने भरत नाही. तो भरतो सगळ्या दिशांना गेलेल्या एकूण ऊर्जेने, आणि बाजूला, वर, मागे गेलेल्या ऊर्जेत श बराच कमी असतो. मी समोरचा आवाज चौफेर टाळीला जोडला, म्हणजे बुवांना बारा तोंडं दिली आणि प्रत्येक तोंडातून तोच धारदार श काढला.

शिवाय बुवा मध्येच मागच्या टाळकऱ्यांकडे वळून चरण द्यायचे. त्या क्षणी मंडपात बसलेल्याला आवाज पाठमोरा, झाकलेला ऐकू येतो आणि घुमारा त्याहून मोठा होतो. तोंडाशी लावलेला माइक मात्र डोक्याबरोबर वळतो, त्यामुळे ट्रॅकला त्या वळण्याचा पत्ताच नसतो. ती माहिती मुद्रणातच हरवलेली होती. तेव्हापासून मी प्रत्येक ट्रॅकच्या कागदावर माइक वाद्याच्या कोणत्या बाजूला, किती अंतरावर होता हे लिहून ठेवतो.

आधी जागा, मग तोंड

आता पुन्हा पॅरिस. त्या गटाच्या कामाचा क्रम मला फार आवडतो, कारण त्यात दोन अनोळखी गोष्टी एकमेकींत मिसळू दिलेल्या नाहीत.

२०१५ मध्ये कॅथेड्रलमध्ये मोजमाप झालं. हाती आले ते खऱ्या इमारतीचे इम्पल्स रिस्पॉन्स. मधल्या पट्ट्यात निनाद, म्हणजे आवाज थांबल्यावर घुमारा विरायला लागणारा वेळ, सहा सेकंदांच्या आसपास. सहा सेकंदांत आवाज दोन किलोमीटरांहून जास्त चालतो. सुमारे १२८ मीटर लांब आणि ३३ मीटर उंच कमानींच्या वास्तूत तो इतके हेलपाटे घालतो. दुसरीकडे इमारतीचं भौमितिक मॉडेल तयार केलं आणि कॅट-अकूस्टिक या प्रणालीत घातलं. ही प्रणाली आवाजाला किरणांसारखं सोडते, प्रत्येक पृष्ठभागावर थोडा शोषते, थोडा विखुरते.

इथे एक गोष्ट बऱ्याच जणांना उलटी वाटते. किरणांची पद्धत झोपण्याच्या खोलीपेक्षा कॅथेड्रलला जास्त शोभते. खोलीत खालच्या पट्टीत उभ्या लहरी ठाण मांडतात आणि किरणांना त्या दिसत नाहीत. ही अडचण कुठपर्यंत राहते याचं एक जुनं गणित आहे, मान्फ्रेड श्रोडर या ध्वनिशास्त्रज्ञाचं : निनादाचा काळ भागिले घनफळ, त्याचं वर्गमूळ, गुणिले २,०००. चाळीस घनमीटरच्या, अर्ध्या सेकंदाच्या खोलीला उत्तर येतं सुमारे २२० हर्ट्झ. नोत्र दामचं घनफळ ८० हजार घनमीटरांहून जास्त. तिथे उत्तर येतं १७ हर्ट्झच्या आसपास, म्हणजे माणसाला ऐकूच न येणाऱ्या पट्टीत. जाड खांबांना लाट कशी वळसा घालते हा प्रश्न उरतो, पण मुख्य धोका टळतो.

मॉडेल उभं राहिलं म्हणजे ते खरं झालं असं नाही. जुन्या चुनखडीचं शोषण कोणत्या तक्त्यात अचूक मिळणार? म्हणून मॉडेल जुळवावं लागतं. पृष्ठभागांचं शोषण थोडं-थोडं बदलत निनादाचा काळ मोजमापाशी आणायचा, मग विखुरणं बदलत स्पष्टता आणायची. स्पष्टता म्हणजे पहिल्या काही मिलिसेकंदांत पोचलेली ऊर्जा आणि त्यानंतरची ऊर्जा यांचं प्रमाण. संगीतासाठी ही सीमा ८० मिलिसेकंदांची. किती जुळलं म्हणजे पुरे, याला कानाचा आधार आहे : निनादाच्या काळात ५ टक्क्यांपर्यंतचा आणि स्पष्टतेत १ डेसिबलपर्यंतचा फरक माणसाला जेमतेम कळतो.

आकडे जुळल्यावर त्यांनी माणसांना ऐकवून पाहिलं. एकीकडे मोजलेला प्रतिसाद, दुसरीकडे मॉडेलमधला. दोन्ही कानांसाठी वेगवेगळे तयार केलेले. निनाद, स्पष्टता, स्रोताचं अंतर, सुरांचा तोल, रंग, खरेपणा, स्रोताची रुंदी आणि आवाजाने वेढलं जाण्याची भावना, अशा अंगांनी लोकांनी दोन्हींची तुलना केली. मॉडेल या परीक्षेत टिकलं.

ही परीक्षा चौफेर स्रोतावर घेतली, आणि शहाणपण नेमकं तिथेच दिसतं. मोजमापाचा स्पीकर चौफेर, मग मॉडेलमधला स्रोतही चौफेर. अशाने फरक उरला तर तो जागेचाच. जागा अशी पक्की झाल्यावर तिला हात लावायचा नाही आणि मग स्रोत बदलायचा : बारा तोंडांचा स्पीकर उचलायचा, त्या जागी हॉर्न ठेवायचा. उलट केलं असतं, म्हणजे पहिल्याच दिवशी वाद्यांची तोंडं घालून कानाला बरं लागेपर्यंत भिंती बदलत बसलं असतं, तर वाद्याची चूक भिंतीत गेली असती आणि भिंतीची वाद्यात. माझ्या कीर्तनात इक्वलायझर फिरवताना मी हेच करत होतो.

तोंड देणं म्हणजे नेमकं काय

किरणांच्या पद्धतीत हे काम कल्पनेला सोपं आहे. स्रोतातून हजारो किरण निघतात. चौफेर स्रोतात सगळ्यांना सारखी शक्ती. तोंड असलेल्या स्रोतात प्रत्येक किरणाला त्याच्या दिशेप्रमाणे आणि पट्ट्याप्रमाणे शक्ती वाटायची. १२५ हर्ट्झच्या पट्ट्यात वाटप जवळजवळ समान, ४,००० च्या पट्ट्यात पुढच्यांना भरपूर आणि मागच्यांना चिमूटभर. मग वाद्य कुठे बसलंय आणि कुठे बघतंय हे सांगितलं की पुढचं मॉडेल करतं.

वाटपाचे आकडे मिळतात ते निनाद नसलेल्या खोलीतून. वाजवणाऱ्याला मधोमध बसवायचं, त्याच्याभोवती गोलावर माइक लावायचे, आणि स्वर एकेक करून वाजवून घ्यायचे. बर्लिन आणि आखेनच्या तांत्रिक विद्यापीठांच्या गटांनी असा ४१ वाद्यांचा संग्रह केला आहे, ३२ माइकच्या गोलातून घेतलेला. त्यात आजच्या वाद्यांसोबत त्यांची जुनी रूपंही आहेत.

सोपेपणाची किंमत सरासरीत मोजावी लागते. पट्ट्यागणिक एकच नकाशा ठेवायचा तर त्या पट्ट्यात येणाऱ्या सगळ्या स्वरांची सरासरी काढावी लागते. ट्रम्पेटचं यात फारसं बिघडत नाही, कारण त्याचा झोत स्वर बदलला तरी अक्षावरच राहतो. व्हायोलिनचं बिघडतं. त्याच्या नाचणाऱ्या पाकळ्या सरासरीत मिसळून एक गुळगुळीत गोळा होतो. एकल व्हायोलिनसाठी ही तडजोड मला खटकते. वाद्यवृंदात मात्र डझनभर व्हायोलिन एकत्र वाजतात आणि प्रत्यक्षातही पाकळ्या एकमेकींत मिसळतातच. तिथे सरासरी अप्रामाणिक ठरत नाही.

मूळ ट्रॅकमध्ये कॅथेड्रलचा घुमारा किती शिरला असेल, हा प्रश्न इथे विचारायलाच हवा. त्यासाठी क्रिटिकल डिस्टन्स काढता येतं, म्हणजे ज्या अंतरावर थेट आवाज आणि घुमारा समसमान होतात ते. सूत्र : घनफळ भागिले निनादकाळ, त्याचं वर्गमूळ, गुणिले ०.०५७. नोत्र दामला चौफेर स्रोतासाठी हे साडेसहा मीटरच्या जवळ येतं. माइक अर्ध्या मीटरवर असेल तर त्याच्या स्वतःच्या वाद्याचा घुमारा थेट आवाजाच्या वीस-बावीस डेसिबल खाली राहतो. म्हणजे ट्रॅक कामाचे आहेत. जास्त त्रास देतो तो शेजारी : ओबोच्या माइकमध्ये मागचा ट्रम्पेट शिरतो आणि मॉडेलमध्ये तो ओबोच्या खुर्चीवरून, ओबोच्या तोंडाने, दुसऱ्यांदा वाजतो. खऱ्या मैफलीतून घेतलेल्या ट्रॅकला यातून पूर्ण सुटका नाही. एकेका वादकाला वेगळं बसवून मुद्रण केलं तर ही गळती थांबेल, पण मग एकमेकांचं ऐकून वाजवण्यातून येणारा जिवंतपणा जाईल. मी गळती पत्करेन.

ऐकणाऱ्याच्या बाजूची दिशा

स्रोताकडून दिशा जपत आणलेला आवाज ऐकणाऱ्यापाशी एका माइकमध्ये सपाट करून चालणार नव्हतं. म्हणून प्रत्येक स्रोतासाठी अँबिसॉनिक्स पद्धतीचे इम्पल्स रिस्पॉन्स काढले. मायकेल गर्झन यांनी १९७० च्या दशकात मांडलेली ही कल्पना. ती स्पीकर किती आणि कुठे याची फिकीर करत नाही. एका बिंदूपाशी आवाज कोणकोणत्या दिशांनी येतोय, त्या पूर्ण गोलाचीच नोंद ठेवते. नोंद जितक्या वरच्या पायरीची, तितकी ती बारीक : पहिल्या पायरीला ४ वाहिन्या, तिसरीला १६.

वरच्या पायऱ्या का लागतात, ते आकड्यांत असं दिसतं. नोंद कानापर्यंत अचूक राहायची असेल तर डोक्याएवढ्या गोलात ती खरी हवी. पहिल्या पायरीला हा गोल ६०० हर्ट्झच्या पुढे डोक्यापेक्षा लहान होतो. तिसऱ्या पायरीला ही सीमा १,९०० हर्ट्झच्या आसपास जाते. त्याच्या वर दिशा थोडी धूसर होते. सहा सेकंद घुमणाऱ्या वास्तूत, जिथे आवाज शेकडो बाजूंनी येतोच, ही धूसरता फारशी बोचत नाही. मोकळ्या मैदानातला पक्षी ऐकवायचा असता तर बोचली असती.

नोंद गोलाची असल्याने डोकं वळवलं की पूर्ण गोल उलट्या दिशेला फिरवायचा, एवढंच काम. हेडफोनवरचा सेन्सर मानेचा कोन सांगतो आणि डावी-उजवी बाजू त्याप्रमाणे नव्याने घडते. भिंती आणि वादक जागच्या जागी राहतात. हे नसलं की आवाज डोक्यात अडकून बसतो.

फिरण्याचा मार्ग मात्र आधीच ठरलेला होता, कारण मार्गावरच्या प्रत्येक बिंदूपासून प्रत्येक स्रोतापर्यंतचं गणित आधी करून ठेवावं लागतं. पसारा कळावा म्हणून माझा ढोबळ हिशेब : १०० बिंदू धरले तर ४५ स्रोतांचे ४,५०० प्रतिसाद, प्रत्येकी १६ वाहिन्या, म्हणजे ७२ हजार लांबलचक नोंदी.

वाद्यांच्या तोंडांचा निर्णय इथे सगळ्यात जास्त फळतो. श्रोता नेव्हच्या शेवटी बसला असेल तर थेट आवाज घुमाऱ्यात बराचसा बुडालेला असतो. तिथे वाद्याचं तोंड जाणवतं ते घुमाऱ्याच्या रंगातून आणि थेट-परतीच्या तोलातून. पण श्रोता वादकांमधून जायला लागला की दर दोन पावलांना तोल बदलतो. ट्रम्पेटच्या अक्षावर आलं की तो डोळ्यांत चमकल्यासारखा लख्ख होतो, बाजूला सरकलं की मावळतो. गायिकेच्या पाठीमागे गेलं की तिच्या शब्दांची टोकं गळतात आणि तेच शब्द कॅथेड्रलच्या दुसऱ्या टोकाकडून जास्त स्पष्ट परत येतात. हॉर्नच्या बाबतीत उलटं होतं : त्याच्या मागे गेल्यावरच तो पहिल्यांदा समोर येतो. चौफेर स्रोत घेतले असते तर या सगळ्यांचा आवाज जवळ गेल्यावर मोठा आणि लांब गेल्यावर लहान झाला असता, आणि तेवढंच.

जे सुटलं

तोंडं दिली, पण ती स्थिर होती. व्हायोलिन वाजवणारा डुलतो, क्लॅरिनेटवाला कर्णा उचलतो, गायक मान फिरवतो. नकाशा वाद्याबरोबर हलला नाही तर ऐकणाऱ्याला पुतळे वाजवताहेत असं वाटू शकतं. यावर एक वाट फेलिपे ओतोन्दो आणि येन्स होल्गर रिंडेल या संशोधकांनी २००० च्या दशकात दाखवली होती : वाद्याभोवती अनेक माइक लावून एकाच वेळी मुद्रण करायचं आणि मॉडेलमध्ये स्रोताचे तेवढेच तुकडे करून प्रत्येक तुकड्यातून त्याच बाजूच्या माइकचा ट्रॅक सोडायचा. मग डुलणं, स्वरागणिक बदलणाऱ्या पाकळ्या, सगळं आपोआप ट्रॅकमध्येच येतं. पोस्टमा आणि कॅट्झ यांनी पुढे बोलणाऱ्या माणसाच्या आवाजावर याच अंगाने काम केलं : स्रोताचे बारा भाग केले आणि नट जसा वळेल तशी त्यांच्यातली वाटणी बदलत नेली.

कीर्तनाला मला हीच पद्धत लागू पडेल असं वाटतं. बुवांच्या पगडीवर किंवा उपरण्यावर एक छोटा कोन मोजणारा सेन्सर पुरेल. तोंडाशी एक माइक, वळण्याची वेगळी नोंद, आणि बाकी मॉडेलमध्ये. टाळकऱ्यांसाठी हे जमणार नाही, कारण टाळांचा आवाज हातांच्या प्रत्येक झेपेबरोबर दिशा बदलतो. तिथे सरासरीवर समाधान मानावं लागेल.

आगीनंतर

१५ एप्रिल २०१९ च्या संध्याकाळी नोत्र दामचं छत पेटलं. लाकडी सांगाडा जळाला, मनोरा कोसळला आणि दगडी कमानींना भगदाडं पडली. ध्वनिशास्त्राच्या भाषेत भगदाड म्हणजे उघडी खिडकी. तिच्यातून गेलेला आवाज परत येत नाही.

सीएनआरएसने आगीनंतर उभ्या केलेल्या शास्त्रीय कामात ध्वनीचा गट होता आणि कॅट्झ त्यात पुढे होते. जून २०२० मध्ये त्या बांधकामाच्या जागेतच पुन्हा मोजमाप झालं. तुलनेला आता तीन काळ होते, कारण १९८७ मधल्या एका मोजमापाची जुनी नोंदही हाती आली होती. १९८७ ते २०१५ या काळात निनादकाळ सुमारे ८ टक्क्यांनी उतरला होता. २०१५ ते २०२० मध्ये तो सुमारे २० टक्क्यांनी उतरला. निनादकाळ शोषणाच्या व्यस्त प्रमाणात असतो, म्हणजे २० टक्के घट होण्यासाठी एकूण शोषण पावपट वाढावं लागतं. भगदाडं आणि बांधकामाचा पसारा अशा वास्तूत ते मोजलेलं आहे, हे ध्यानात ठेवून तो आकडा वाचायचा.

मैफलीच्या आनंदासाठी जुळवलेलं मॉडेल अशा रीतीने एका हरवलेल्या अवस्थेचा दस्तऐवज होऊन बसलं. डिसेंबर २०२४ मध्ये कॅथेड्रल पुन्हा उघडलं. आत धुतलेला, उजळलेला दगड, दुरुस्त कमानी, नवं सामान. या अवस्थेला आपलं वेगळं मोजमाप आणि आपली वेगळी जुळवणी लागेल. २०१५ चे शोषणाचे आकडे तिच्यावर लादता येणार नाहीत. ४५ ट्रॅक मात्र तेच राहतील, आणि जागा व स्रोत वेगळे ठेवल्यामुळे वाद्यांचे नकाशेही तेच चालतील. तीच मैफल २०१५ च्या, २०२० च्या आणि आजच्या नोत्र दाममध्ये एकामागून एक बसवून ऐकता येईल, आणि तिन्हींत हॉर्न वेदीकडे तोंड करूनच वाजेल.